नद्यांची नावे समुद्रात संपतात, कचरा संपत नाही

(वर्षावासानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



समुद्रातील कचरा हा आजच्या व्याख्यानाचा विषय. नांदेड-लातूरच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. आपल्याकडे प्यायला पाणी मिळण्याची मारामार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी लातूरला पाणी आणावे लागले. अशा भागात समुद्राची चिंता कशाला?

परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र कोठे पाहिला, ते आठवा. ६ डिसेंबरला, दादरला! नंदीग्राम, देवगिरी, लातूर एक्सप्रेसने रात्रभर उभ्याने प्रवास करून आपण चैत्यभूमीवर जातो. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते याच किनाऱ्यावर. म्हणजे समुद्र हा आपल्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातला धडा नाही, ते आपल्या अभिवादनाचे ठिकाण आहे. त्याच दादरच्या, जुहूच्या, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातली भरती पिशव्या, बाटल्या आणि थर्माकोलचा ढीग आणून टाकते. हा कचरा समुद्राने तयार केलेला नाही. तो नाल्यांतून आणि नद्यांतून माणसाने पाठविलेला आहे.

आता आपल्या नद्या पाहू. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. पण ती तिकडे न जाता पूर्वेकडे वळते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत नांदेड लागते. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे कर्नाटक व तेलंगणातून फिरून कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. म्हणजे नांदेडच्या नाल्यात टाकलेली पिशवी असो की लातूरकडे मांजरेच्या पात्रात फेकलेली बाटली असो, दोघींची वाट शेवटी एकच.

कोणी म्हणेल, मध्ये विष्णुपुरी आहे, बाभळी आहे, तेलंगणात श्रीरामसागर आहे. कचरा तेथेच अडेल. काही कचरा अडतो, हे खरे आहे. तो काठच्या बाभळींना लटकतो, गाळात रुततो, जनावरांच्या पोटात जातो. पण महापूर आला, दरवाजे उघडले, की साचलेले पुढे सरकते. नदीला घाई नसते. एका पावसाळ्यात नाही तर दहा पावसाळ्यांत, पण ती पोचवते.

तथागतांनी ‘उदान’ या पाली ग्रंथात महासागराचे आठ आश्चर्यकारक गुण सांगितले आहेत. त्यांपैकी एक असा की, मोठमोठ्या नद्या समुद्राला मिळाल्यावर आपले नाव आणि गोत्र सोडतात व केवळ महासागर म्हणूनच ओळखल्या जातात. तसेच चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले पूर्वीचे नाव-गोत्र सोडतात. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी संघाला सागराचीच उपमा दिली होती. समतेचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

मात्र या दाखल्याची दुसरी बाजू आज आपल्याला पाहावी लागते. नदीबरोबर तिच्यातल्या कचऱ्याचेही नाव पुसले जाते. समुद्रात गेलेली पिशवी नांदेडची की नाशिकची, हे कोणाला सांगता येणार नाही. आणि ज्याच्यावर नाव नाही, त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून आपल्या कचऱ्यावर आपले नाव आहे तोपर्यंत, म्हणजे तो आपल्या दारात आहे तोपर्यंतच, त्याचा बंदोबस्त केला पाहिजे.

महासागराचा आणखी एक गुण तेथे सांगितला आहे. समुद्र मृतदेह आपल्यात ठेवत नाही, तो किनाऱ्यावर आणून टाकतो. प्लॅस्टिकच्या बाबतीत मात्र समुद्राला हे पुरते साधत नाही. काही किनाऱ्यावर येते, काही तळाशी बसते, काही तरंगत राहते. उन्हाने आणि लाटांनी त्याचे तुकडे होतात. पण तुकडे होणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण मासे गिळतात. तरंगती पिशवी जेलीफिश समजून कासव खाते. आणि हे चक्र माणसापर्यंत परत येते. २०२२ साली नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तातही प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळल्याचे दाखविले. हे असल्यामुळे ते होते, हा प्रतीत्यसमुत्पाद आपण वंदनेनंतर ऐकतो. त्याचे यापेक्षा रोकडे उदाहरण शोधावे लागणार नाही.

कचरा किती? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने, एकट्या २०१० या वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक जमिनीवरून समुद्रात गेले, असा अंदाज दिला. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. जागतिक करारासाठी २०२२ पासून राष्ट्रांच्या बैठका सुरू झाल्या, पण ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हाची बैठकही एकमत न होता संपली. कायदा हवाच. परंतु बंदी असूनही बाजारात पिशवी मिळते आणि आपण ती घेतो, हेही कबूल केले पाहिजे.

मित्रांनो, आता मी थोडे कडू बोलणार आहे. कचरा करणारा एक आणि उचलणारा दुसरा, ही वाटणी या देशात कोणी केली? जातिव्यवस्थेने केली. आजही गटारात उतरणारे, कचऱ्याच्या ढिगावर पोते घेऊन फिरणारे हात बहुतेक कोणत्या वस्तीतून येतात, ते आपल्याला सांगावे लागत नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारांतले मृत्यू थांबले नाहीत. अशा वेळी आपणच जयंतीच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पाण्याचे पाऊच, थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि फाटके फ्लेक्स टाकून घरी जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उचलायला आपलीच बहीण झाडू घेऊन येते. ज्या बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मिळवून दिला, त्यांच्या जयंतीचा कचरा पाण्यात जावा, हे आपल्याला शोभते का?

विनयातील सेखिय नियमांपैकी शेवटचा नियम असा आहे की, आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी साध्या थुंकण्याबद्दल जो धम्म इतका जागरूक होता, त्याच्या अनुयायांना वेगळे काय सांगावे?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, यापुढे विहारातील प्रत्येक कार्यक्रमात स्टीलची ताटे-पेले आणि माठातले पाणी असावे. ताटे महिला मंडळाने ठेवावीत, पण धुण्याचे काम तरुणांनी करावे. दुसरी, फ्लेक्सऐवजी दरवर्षी वापरता येईल असा कापडी फलक करावा. तिसरी, घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. फुटलेली काच व वापरलेली ब्लेड कागदात बांधून वेगळी द्यावी, कारण ती कोणाच्या तरी उघड्या हातात जाणार आहे. चौथी, येत्या ६ डिसेंबरला जाताना प्रत्येकाने पाण्याची बाटली आणि एक कापडी पिशवी घरून न्यावी व आपला कचरा त्या पिशवीतून परत आणावा. गाडीच्या खिडकीतून काहीही फेकू नये.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. पावसाळा संपला की आपल्या वस्तीतला नाला कोठून निघतो आणि कोठे नदीला मिळतो, ते चालत जाऊन पाहा. वहीत नकाशा काढा. काय काय वाहत होते, ते लिहा आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात वाचून दाखवा. समुद्र तेथूनच सुरू होतो, हे तुम्हाला कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.

बावरीचे सोळा शिष्य याच गोदावरीच्या काठावरून तथागतांना प्रश्न विचारायला निघाले होते, अशी नोंद सुत्तनिपातात आहे. या नदीने एके काळी प्रश्न विचारणारी माणसे पाठविली. आपण तिच्याबरोबर काय पाठवतो आहोत, एवढा एकच प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

नमो बुद्धाय! जय भीम!