अध्यापकांच्या विद्यालयास दान



दानाचे माहात्म्य आपल्या लोकांस सांगावयास नको. देवळाच्या पायरीवर, धर्मशाळेच्या भिंतीवर, पाणपोईच्या दगडावर दात्यांची नावे आपण नित्य वाचतो. शाळांच्या इमारतींवरही ती आढळतात. रुग्णालयांत तर खाटेखाटेवर आढळतात. परंतु जेथे शिक्षक तयार होतात, त्या अध्यापक महाविद्यालयास काही द्यावे, असा विचार सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. या उपेक्षित दानाविषयीच आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

आरंभी स्वतःचाच एक अपराध सांगतो. मॅट्रिक होताच, प्रशिक्षणावाचून, मी एका खेड्यातील शाळेत काही महिने बदली शिक्षक होतो. तेथील एक मुलगा बावन्नांतून सत्तावीस वजा करून उत्तर पस्तीस लिही. एककाच्या घरात दोनांतून सात जात नाहीत, म्हणून तो सातांतून दोन वजा करून मोकळा होई. मी त्यास रीत दहा वेळा सांगितली, रागे भरलो, उठाबशाही काढावयास लावल्या. उत्तर पस्तीसच राहिले. पुढे अध्यापक विद्यालयात गेलो, तेव्हा आमच्या गुरुजींनी मेजावर दहादहा काड्यांच्या पाच जुड्या व दोन सुट्या काड्या मांडल्या आणि म्हणाले, “यांतून मला सत्तावीस द्या.” एक जुडी सोडल्यावाचून सात काड्या देता येईनात. दशक उसना घेणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले. वर्षानुवर्षे बिनचूक वजाबाकी करणाऱ्या मला तिचे कारण ठाऊक नव्हते! पुढे त्या गावी गेलो, तो मुलगा शाळा सोडून रोजगारास लागला होता. आपणांस येणे आणि दुसऱ्यास शिकविता येणे या दोन भिन्न विद्या आहेत. आणि दुसरी विद्या न शिकलेल्या शिक्षकाचा दंड मुले भोगतात.

ही गोष्ट ज्यांनी फार पूर्वी ओळखली, त्यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ती पुण्यास प्रत्यक्षात आणिली. लागलीच पुढच्या सुमारास त्यांनी प्राथमिक शाळांकरिता स्त्रीशिक्षक तयार करणारी अध्यापिकाशाळा उघडली. तिचे प्रयोजन उघड होते. मुलींच्या शाळा वाढावयाच्या तर शिक्षिका पाहिजेत. आणि निराधार स्त्रीस सन्मानाने पोट भरावयाचे तर हाती विद्या पाहिजे. एका संस्थेत दोन्ही कार्ये साधत होती.

यासाठी पैसा कोठून आला? अण्णासाहेब गावोगाव फिरले. थोडीथोडी वार्षिक वर्गणी देणारे सामान्य गृहस्थ त्यांनी गोळा केले, आणि विद्यापीठाच्या कारभारासाठी प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार वर्गणीदारांस दिला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांचे दान जाहीर केले व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. त्या दानाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. पंधरा लक्षांवर शेकडा साडेतीन दराने जे व्याज होते, ते ५२,५०० रुपये विद्यापीठास दरसाल मिळावयाचे होते. विद्यापीठ चालविणाऱ्यास दरसालच्या वेतनाची जी विवंचना असते, तिचा भार या व्यवस्थेने हलका होतो. आज या विद्यापीठाचे, ठाकरसी घराण्याचे नाव धारण करणारे अध्यापक महाविद्यालय मुंबईस चालते.

असेच उदाहरण सातासमुद्रांपलीकडचेही आहे. न्यूयॉर्क शहरात ग्रेस डॉज नावाची एक श्रीमंत घरची स्त्री होती. गरीब मुलींस गृहकृत्ये व हस्तव्यवसाय शिकविण्याच्या खटपटीतून तिने कार्यास आरंभ केला. परंतु हे विषय शिकविणारे शिक्षकच मुळी तयार केले पाहिजेत, हे तिच्या ध्यानी आले. त्यातून १८८७ साली शिक्षकांची एक शाळा निघाली. तिचेच पुढे ‘टीचर्स कॉलेज’ झाले आणि १८९८ साली ते कोलंबिया विद्यापीठास जोडले गेले. ज्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेच हे. ग्रेस डॉज हिने पैसा दिला, इतरांकडून मिळविला, आणि संस्थेची खजिनदार म्हणून हिशेबही पाहिला.

आता कोणी विचारील, शाळेस दिले तर मुलांना थेट मिळते. मग हा वळसा कशाला? येथे थोडा हिशेब करू. एक शिक्षक तीस वर्षे शिकवितो आणि दरसाल चाळीस मुले त्याच्या हाताखालून जातात, असे धरले, तर बाराशे मुले होतात. एका होतकरू विद्यार्थ्यास प्रशिक्षणाच्या काळात जेवणाखाण्याची व पुस्तकांची विवंचना न राहील एवढे साहाय्य करणारा दाता त्या बाराशे मुलांच्या वर्गात अदृश्य रूपाने उभा असतो.

मात्र दान डोळसपणे केले पाहिजे. शिक्षकांचे शिक्षण हा अनेक ठिकाणी बाजार झाला आहे. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ साली या क्षेत्राची कठोर चिकित्सा केली. तिचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर स्वच्छ शब्दांत नमूद केले आहे की, दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक-शिक्षणसंस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षण देत नसून मूल्य घेऊन पदव्या विकीत आहेत. त्याच धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकांसाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हे किमान मान ठरविले आहे, आणि अध्यापकांचे शिक्षण बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत व विद्यापीठांत व्हावे असे म्हटले आहे. हे घडावयाचे तर विद्यापीठांची अध्यापक महाविद्यालये सकस झाली पाहिजेत.

म्हणून दात्याने देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सरावपाठांसाठी खरोखरीची शाळा जोडलेली आहे काय? विद्यार्थ्यांचे पाठ अनुभवी अध्यापक वर्गाच्या मागे बसून अखेरपर्यंत पाहतात काय, आणि त्यांतील उणिवा समजावून सांगतात काय? ग्रंथालयातील कपाटे उघडी असतात काय? उत्तरे समाधानकारक असतील, तर कोनशिलेचा आग्रह न धरता द्यावे. पाठाचे निरीक्षण ही अशी वस्तू आहे की तिच्यावर दात्याचे नाव कोरता येत नाही. म्हणूनच तिला दाता मिळत नाही.

हे काम केवळ धनिकांचे आहे असेही नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेब खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाकरिता पुन्हा घरोघर वर्गणी मागावयास निघाले. एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन दरसाल एका भावी शिक्षकाचा भार उचलावा. घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मृतिदिनी शैक्षणिक साधनांसाठी काही रक्कम द्यावी. रक्कम लहान असो. ती दरसाल जावी, एवढेच पाहावे.

माझ्या हातून सुटलेल्या त्या मुलाचे ऋण आता फेडता येत नाही. परंतु आज कोठेतरी एक तरुण शिक्षक फळ्यापुढे प्रथमच उभा राहत असेल, आणि समोरचे मूल पस्तीस असे उत्तर लिहीत असेल. त्या तरुणाजवळ काड्यांची जुडी असावी, एवढीच विनंती आहे.