वेदनाशामक गोळी आणि आपलें गांव

एडवणसारख्या किनाऱ्यावरील गांवांत पाठदुखी ही नवी गोष्ट नव्हे. जाळीं ओढून खांदे भरून येतात, वाडींत ओणवें राहून कंबर धरते. डॉक्टर पांच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. दुखणें मात्र सहाव्या दिवशींही असतें आणि जुनी चिठ्ठी खिशांत असते. श्रोतेहो, मला आज जें सांगावयाचें आहे तें या सहाव्या दिवसाविषयीं.

ट्रामाडोल आणि कोडीन हीं अफूच्या कुळांतील औषधें होत. अफू म्हटली कीं आपण दचकतों; परंतु त्याच कुळांतील द्रव्य खोकल्याच्या बाटलींतून अथवा चकचकीत पट्टींतून आलें, तर निर्धास्तपणें फळीवर ठेवतों. योग्य देखरेखीखालीं हीं औषधें खचित उपकारक आहेत. दोष आहे तो सरावाचा. शरीर सरावलें कीं तीच मात्रा अपुरी पडूं लागते; गोळी चुकली कीं जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगदुखी आणि निद्रानाश. घरच्यांस वाटतें, माणूस आळशी झाला. त्यास स्वतःस वाटतें, जुनें दुखणें उलटलें. दोघेही चुकतात.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत, अफूवर्गीय द्रव्यें घेणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा दोनांहून किंचित् अधिक आढळलें. त्यांत हेरॉइनच्या खालोखाल क्रम लागला तो औषधांचा; कच्च्या अफूचा त्यानंतर.

गांवाजवळ साधनें नाहींत असें मात्र नाहीं. पहिलें साधन औषधविक्रेता. १ मार्च २०१४ पासून ट्रामाडोल, कोडीन व झोपेचीं कित्येक औषधें एच-१ अनुसूचींत आलीं. चिठ्ठी पाहून, रोग्याचें व डॉक्टरांचें नांव नोंदवून तीं द्यावयाचीं आणि ती वही तीन वर्षें जपावयाची, असा नियम आहे. सफाळ्यास किंवा पालघरास कोणी गोळी नाकारली तर आपण रागावतों. वस्तुतः तो आपला पहारेकरीच. आशाताई घरोघर जात असतात. त्यांच्या कानीं गोष्ट घालावी. संकोच वाटल्यास १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर बोलावें. गोळी एकाएकीं बंद करण्याचा हट्ट मात्र नको. डॉक्टर ती क्रमाक्रमानें उतरवितात, किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखें दुसरें औषध योजितात.

परंतु औषधानें शरीर सुटतें, मनाचें काय? याचें उत्तर आपल्या महाराष्ट्रांतच सांपडतें. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनीं लिहिलेल्या लेखांनंतर, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साह्यानें, २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत मुक्तांगण सुरू झालें. त्याची धुरा वाहिली ती डॉ. अनिता अवचट यांनीं. व्यसनी हा गुन्हेगार नसून रोगी आहे, हें तेथें वागणुकींतून शिकविलें गेलें. बरे झालेलेच पुढें कार्यकर्ते झाले. रोग्यांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट उभा राहिला. मला या गटाचें मोल फार वाटतें, कारण घरांतील बाईचें दुखणें सहसा कोणी विचारीत नाहीं. असा गट भरविण्यास इमारत लागत नाहीं. समाजमंदिरांतील एक संध्याकाळ पुरते.

उपचार घेऊन माणूस परतला कीं आपण सुटलों असें समजतों, आणि धोका नेमका तेथेंच असतो. या काळांत शरीराचा सराव मोडलेला असतो; पूर्वीं सहज पचणारी मात्रा आतां श्वास थांबवूं शकते. म्हणून पहिले कांहीं महिने त्यास एकटें पडूं देऊं नये. टोमणे तर नकोतच! घरांतील उरलेल्या गोळ्या कोणा जबाबदार माणसाच्या कुलपांत असाव्यात. हांक मारून जाग येत नाहीं, श्वास मंद झाला आहे, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या झाल्या आहेत, अशी चिन्हें दिसतांच १०८ ला कळवावें आणि रोग्यास कुशीवर निजवावें. रुग्णालयांत नॅलोक्सोन नांवाचें उतारा-औषध देतां येतें. लाजेखातर कांहीं लपवूं नये. गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर न्यावी.