रुपयाची किंमत आणि देशाचा आवाज
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चलनाचे धोरण हा बँकांच्या जाणकारांचा प्रांत आणि परराष्ट्र धोरण हा राजदूतांचा प्रांत, असा समज राजकीय कार्यकर्त्यांतही रूढ आहे. वस्तुतः ही दोन्ही धोरणे एकाच सत्तेच्या हातून घडतात, आणि त्यांपैकी एकात आलेला दुबळेपणा दुसऱ्यात उतरल्यावाचून राहत नाही. १९६६ सालचे रुपयाचे अवमूल्यन हा याचा उत्तम धडा आहे.

६ जून १९६६ रोजी रुपयाचे मूल्य ३६.५ टक्क्यांनी उतरले. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. डॉलरमध्ये फेडावयाचे कर्ज रुपयांच्या हिशेबात एका रात्रीत दीडपटीहून अधिक झाले.

याची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले आणि अमेरिकेने मदत थांबवली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९६४-६५ साली धान्योत्पादन ८ कोटी ९० लक्ष टन होते, ते पुढील वर्षी ७ कोटी २० लक्ष टनांवर आले. देशाला पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली येणाऱ्या गव्हाची आस लागली. पण अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार सोडून थोडथोडा गहू मंजूर करण्याची रीत अवलंबिली होती. जहाज केव्हा सुटेल हे वॉशिंग्टनमध्ये ठरत होते. तिकडे जागतिक बँकेचाही अवमूल्यनाचा आग्रह होता. त्याला विरोध करणारे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी १९६५ च्या अखेरीस पदावरून गेले. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी अमेरिकेस जाऊन आल्या. पाठोपाठ नियोजन मंत्री अशोक मेहता वॉशिंग्टनला गेले आणि मदतीची बोलणी पुरी झाली.

अशोक मेहता हे नाव समाजवादी कार्यकर्त्यांना टाळता येणार नाही. मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षानेही सरकारशी सहकार्य करावे, हा विचार त्यांनी १९५३ साली प्रजा समाजवादी पक्षाच्या बैतूल अधिवेशनात मांडला होता, आणि लोहियांनी त्याला कडाडून विरोध केला होता. मेहतांची निष्ठा संशयास्पद नव्हती. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाचा निषेध सरकारने केला नाही, म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. परंतु स्वतंत्र बाण्याचा माणूसही रिकामे कोठार पाठीशी घेऊन वाटाघाटीस बसला, म्हणजे समोरच्याच्या अटींना आपलेच धोरण म्हणू लागतो, हा त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

निर्णय मूठभर मंडळींनी घेतला. संसदेला तो आधी कळला नाही. सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष कामराज यांनाही विश्वासात घेतले गेले नाही, आणि त्यांनी आपली नाराजी लपविली नाही. यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. चलनाचा दर बदलण्याची वाच्यता आधी झाली, तर सटोडियांचे फावते. म्हणून गुप्तता अपरिहार्य असते. हा युक्तिवाद खोटा नाही. रुपयाचा अधिकृत दर वास्तवापेक्षा चढा होता, हेही मान्य केले पाहिजे. तथापि गुप्तता तारखेपुरती आणि आकड्यापुरती असावी. कोणत्या अटींवर कर्ज घ्यावयाचे, त्याच्या बदल्यात काय द्यावयाचे, हे प्रश्न लोकप्रतिनिधींपासून दडविण्याचे कारण नाही.

आता परराष्ट्र धोरणाकडे वळू या. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी उत्तर व्हिएतनामवरील बाँबवर्षाव थांबविण्याचे आवाहन केले आणि मॉस्कोतील संयुक्त पत्रकात साम्राज्यवादी कारवायांचा निषेध झाला. जॉन्सन संतापले. पुढील महिन्यांत गव्हाच्या मंजुरीला विलंब होत गेला. अवमूल्यनाने किंमत मोजूनही देशाला स्पष्ट बोलण्याची मुभा विकत मिळाली नव्हती.

पाच वर्षांनी चित्र पालटले. १९७०-७१ साली धान्योत्पादन सुमारे १० कोटी ८० लक्ष टनांवर पोहोचले. ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार झाला. डिसेंबरच्या युद्धात अमेरिकेने पुन्हा मदत रोखली. परंतु या वेळी दिल्लीचा निर्णय बदलला नाही. मुत्सद्देगिरीचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांना द्यावे. पण शेतकऱ्याने भरलेल्या कोठाराचा वाटा विसरता कामा नये.

हा धडा कायमचा गिरविला गेला असता, तर १९९१ उजाडले नसते. त्या वर्षी जानेवारीत परकीय चलनाचा साठा आटत असताना चंद्रशेखर सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतले. त्याच महिन्यात आखाती युद्धासाठी जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिले गेले. टीका झाली, तेव्हा फेब्रुवारीत ती सवलत बंद झाली. पुढे देशाचे सोने परदेशी गहाण पडले आणि जुलैत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. पंतप्रधान समाजवादी परंपरेतले होते, म्हणून तिजोरी भरली नाही.

आज परकीय चलनाची गंगाजळी मोठी आहे. २०१६ च्या कायदेदुरुस्तीनुसार व्याजाचा दर सहा जणांची समिती ठरवते. त्यांपैकी तिघांची नेमणूक केंद्र सरकार करते, आणि महागाईचे लक्ष्यही रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून सरकारच ठरवते. जनहितार्थ बँकेला निर्देश देण्याचा सरकारचा अधिकार कायद्याच्या सातव्या कलमात आहेच. म्हणजे चलनाचा प्रश्न तज्ज्ञांचा आहे, असे सांगून कोणत्याही सरकारला हात झटकता येत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनी अर्थसंकल्प आणि परराष्ट्र करार शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. कर्ज कोणाचे, अट कोणती, धान्य आणि तेल कोठून येते, निर्णय संसदेपुढे केव्हा आला, हे प्रश्न गावच्या सभेत विचारले गेले पाहिजेत. अलिप्ततेचा ठराव संमत करणे सोपे आहे. त्या ठरावाला बळ देणारे धान्य शेतात पिकवावे लागते आणि त्या शेतकऱ्याला भाव मिळवून द्यावा लागतो. परराष्ट्र धोरणाचे काम तेथूनच सुरू होते.