कौतुक आणि पाठपुरावा

अंधत्वाची चर्चा निघाली की काय काय करता येत नाही याची यादी आधी पुढे येते, आणि ती बहुधा डोळसांनीच केलेली असते. ‘अल्प अपेक्षा’ ही संज्ञा प्रस्तुत अध्यक्षीय भाषणात याच अर्थाने योजली आहे: व्यक्तीची पात्रता तपासण्याआधीच तिच्यासाठी ठरवून ठेवलेली खालची पायरी. ही पायरी घडवण्यात भाषेचाही हात आहे. मराठीत ‘डोळस’ म्हणजे विचारी आणि ‘आंधळेपणाने’ म्हणजे विचार न करता. आंधळं दळतं तेव्हा पीठ कुत्रं खातं, आणि देव एकाऐवजी दोन डोळे देतो तेव्हाही आंधळा मागणाराच राहतो. म्हणी बदलण्याचा खटाटोप कोणी करू नये. मात्र त्या म्हणीत दळणाऱ्याचे दळण कोणाच्या लक्षात राहत नाही, एवढे साहित्याच्या परिषदेने नोंदवायला हरकत नाही.

गौरवानेही हेच घडते. अमरावती जिल्ह्यातील गुलाबराव महाराजांची (1881–1915) दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षी गेली, तरी चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले गेले ते यथार्थच आहे; परंतु ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत, ही साधी कार्यपद्धती चमत्काराच्या कथेत झाकली जाते. दया म्हणते की आंधळ्याला जमणार नाही, कौतुक म्हणते की फक्त याच एकाला जमले, आणि दोन्हींमुळे सामान्य बुद्धीच्या अंध विद्यार्थ्यासाठी वाचक आणि लेखनिक नेमण्याचे काम टळते. अलीकडे सरकारी कागदपत्रांत रूढ झालेल्या ‘दिव्यांग’ या शब्दाला अपंगांच्याच अनेक संघटनांनी घेतलेला आक्षेपही याच जातीचा होता.

ब्रेलच्या बाबतीत अल्प अपेक्षेचे काम अधिक सूक्ष्मपणे चालते. सहा टिंबांच्या चौकटीवर उभी असलेली ही लिपी भारतीय भाषांसाठी 1951 साली ‘भारती ब्रेल’ या एकाच रूपात आणली गेली. मूल पाटीत कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे टिंबे उठवते आणि कागद उलटून ती डावीकडून उजवीकडे बोटाने वाचते. देवनागरीत ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, तर ब्रेलमध्ये आधी ‘क’ची पहिले व तिसरे ही दोन टिंबे आणि मग ‘इ’ची दुसरे व चौथे ही दोन टिंबे उठतात, म्हणजे लेखन उच्चाराच्याच क्रमाने चालते, आणि या एका बाबतीत तरी अंध विद्यार्थ्याची लिपी डोळसाच्या लिपीपेक्षा अधिक तर्कशुद्ध ठरते. तरीही ध्वनिमुद्रित पुस्तके उपलब्ध झाल्यावर ‘आता ब्रेल कशाला’ असे म्हटले जाऊ लागले. केवळ ऐकून शिकणाऱ्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद कानाने कळणे कठीण असते, आणि मग त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका अंधत्वाच्या खात्यावर मांडल्या जातात.

हक्कांची बाजू सातत्याने मांडण्याच्या कामाला मराठीत ‘पाठपुरावा’ हा नेमका शब्द आहे, आणि त्यात अर्ज, स्मरणपत्र, अपील व पुन्हा अर्ज अशी सारी रुक्षता सामावलेली आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना 2016 मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या निकालात 773 वा क्रमांक मिळूनही रेल्वेच्या लेखा सेवेत पूर्ण अंधत्वाच्या कारणाने घेतले गेले नाही. पुढच्याच वर्षी 124 व्या क्रमांकाने त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. मात्र प्रत्येक उमेदवाराने दुसऱ्यांदा अधिक वरचा क्रमांक मिळवून दाखवावा, हा न्याय नव्हे. म्हणून नियम बदलावे लागतात. परीक्षेत तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळावा, असे केंद्राच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आले. मध्य प्रदेशातील न्यायिक सेवेतून दृष्टिहीनांना वगळणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला, त्या प्रकरणाची सुरुवात एका आईने न्यायालयाला लिहिलेल्या पत्राने झाली होती.

साहित्यव्यवहाराशी थेट संबंधित प्रश्न मात्र न्यायालयात नाही, छापखान्यात आहे. 2012 च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात अपंगांसाठी सुगम प्रती तयार करण्याची मुभा आली, आणि त्याच हेतूचा माराकेश करार 2014 मध्ये सर्वांत आधी भारताने मंजूर केला. पण ‘स्क्रीन रीडर’, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, युनिकोडमधील मराठी वाचते. युनिकोडपूर्व फॉन्टांत मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असल्याने तेथे ज्ञानेश्वरीसुद्धा इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ होऊन कानावर पडते. कायद्याने दिलेले पुस्तक असे फॉन्टने परत घेतले जाते. म्हणून परिषदेच्या समारोपाआधी चर्चेला येणाऱ्या ठरावात प्रकाशकांकडे अंधांसाठी वेगळी पुस्तकमाला मागितलेली नाही. छापायला जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची युनिकोडमधील प्रत जपून ठेवावी आणि मागणी येताच ती द्यावी, एवढीच मागणी त्यात आहे.