पाय मुका होतो तेव्हा

मंडळी, पायात काटा रुतला की आपण 'आई गं' म्हणतो. काटा रुतल्याचा निरोप पायाकडून मेंदूकडे जातो, म्हणून दुखते. हा निरोप बारीक मज्जातंतू नेतात. या रक्ताच्या नसा नव्हेत. शाळेत आम्ही मुलांना तारायंत्राच्या तारेचा दाखला देत असू.

मधुमेहात, म्हणजे साखरेच्या आजारात, ही तार झिजते. सगळ्यांत लांब तार पायाच्या बोटांपर्यंत जाते, म्हणून बहुधा बाधा आधी तिथे. मुंग्या येतात. रात्री तळवे जळजळतात. कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे जळजळ थांबते आणि माणूस म्हणतो, "आता बरं आहे." ते बरं नव्हे! पाय मुका झालेला असू शकतो. आमच्या माहितीतले एक शेतकरी दिवसभर वहाणेतल्या खिळ्यावर चालले. घरी रक्त पाहिले, तेव्हा कळले.

हा धोका कोणाला जास्त? ज्याची साखर जास्त आणि पुष्कळ वर्षे वाढलेली, त्याला. मोठ्या वयातला मधुमेह गुपचूप येतो. काहींना तो कळतो तोवर तंतू दुखावलेले असतात. साखरेबरोबर रक्तदाब, रक्तातली चरबी, सुटलेले पोट हेही वैरीच. विडीने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग तंतूंना रक्त कमी पडते. विडीवाल्यांना राग येईल, येऊ द्या. दारू तर तंतूंना थेट विषच. उंच माणसालाही धोका थोडा जास्त, कारण त्याची तार लांब. आता उंची काही कमी करता येत नाही! पण विडी सोडता येते.

आणखी एक. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतली तर काहींच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. त्यानेही तंतू बिघडतात. म्हणून गोळी सोडू नका हं. डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. मागच्या सुमारे ३ महिन्यांची साखर सांगणारी तपासणीही असते, तीही विचारा.

रोज रात्री दिव्याजवळ बसून पाय बघा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा, नाहीतर सूनबाईला सांगा. शेतात अनवाणी जाऊ नका. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. ते नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवतात. आपण डोळे मिटायचे आणि दोरा लागला की 'हो' म्हणायचे. दुखत नाही, सुई नाही.