खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराचं काय करायचं?

अमेरिकेतल्या युटामध्ये माउंटन मेडोज नावाचं एक डोंगरी कुरण आहे. ११ सप्टेंबर १८५७ रोजी तिथे सुमारे १२० माणसं मारली गेली. आर्कान्सामधून बैलगाड्या, गुरंढोरं, बायकामुलं घेऊन कॅलिफोर्नियाकडे निघालेला तो तांडा होता. वाचली फक्त सतरा मुलं, सगळी सहा-सात वर्षांच्या आतली. मारणारे होते मॉर्मन पंथाच्या वस्त्यांमधले मिलिशियाचे लोक, म्हणजे एरवी शेती-लोहारकाम करणारी माणसं, आणि त्यांनी बरोबर घेतलेले काही पाययूट आदिवासी. केंद्र सरकारची फौज तेव्हा युटाकडे येत होती आणि परका दिसला की शत्रू वाटावा, असे ते दिवस होते.

हे आपल्याला सांगितलं कोणी? बहुतेक करून मारणाऱ्यांनीच. इतिहासकाराची पंचाईत इथेच होते.

जॉन डी. ली हा त्यांतला एक पुढारी. घटनेनंतर काही दिवसांतच तो सॉल्ट लेक सिटीत पंथप्रमुख ब्रिगहॅम यंग यांच्यासमोर गेला आणि सगळं इंडियनांनी केलं म्हणून सांगून मोकळा झाला. वीस वर्षांनी, मृत्युदंड समोर दिसत असताना, त्यानं कबुलीजबाब लिहिला. त्यात हुकूम वरिष्ठांचा, मनाविरुद्ध सामील झालेला ली, आणि स्वतःच्या हातून एकही खून नाही! तो मजकूर १८७७ मध्ये पुस्तकरूपानं छापला त्याच्या वकिलानं. त्यात वकिलाचे शब्द किती, हा प्रश्न तेव्हापासून आहेच.

मग हा कागद टोपलीत टाकायचा? मला तसं वाटत नाही. फिलिप क्लिंगनस्मिथ हा दुसरा सहभागी. पंथापासून दुरावल्यावर त्यानं १८७१ मध्ये प्रतिज्ञापत्र केलं आणि पुढे लीविरुद्ध साक्ष दिली. दोघेही स्वतःला वाचवतात, दोष दुसऱ्यावर ढकलतात. पण पांढरं निशाण दाखवून तांड्याला शस्त्रं खाली ठेवायला लावली, बायकामुलांना पुढे काढलं, पुरुषांना एकेका सशस्त्र माणसाच्या सोबतीनं चालवलं आणि इशारा होताच गोळ्या झाडल्या, हे दोघेही सांगतात. स्वतःच्या टोळीची एवढी बेइमानी उघड करण्यात कोणाचाच फायदा नव्हता. म्हणून तिथे मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. कोणी किती मारले या आकड्यांवर मात्र नाही.

न्यायालयाची गोष्ट तर त्याहून विचित्र. १८७५ च्या खटल्यात ज्युरींचं एकमत झालं नाही. १८७६ मध्ये सगळे ज्युरी मॉर्मन होते, आणि साक्षीदारांना एकाएकी लीचा भाग लख्ख आठवू लागला, बाकीच्यांचा मात्र पुसट. आरोपपत्र नऊजणांवर होतं; शिक्षा एकट्या लीला. २३ मार्च १८७७ रोजी त्याच कुरणात नेऊन त्याला गोळ्या घातल्या. ली दोषी होताच. पण त्या साक्षींतून ली कळतो त्यापेक्षा बाकीचे कसे सुटले, हे अधिक कळतं.

यंग यांनी हुकूम दिला होता का? वेढा चालू असतानाच जेम्स हॅस्लम नावाचा घोडेस्वार त्यांच्याकडे विचारणा घेऊन गेला होता. प्रवाशांच्या वाटेला जाऊ नका, असं १० सप्टेंबरचं उत्तर घेऊन तो परतला, तोवर हत्याकांडाला दोन दिवस झाले होते. त्याच उत्तरात, इंडियन त्यांना हवं ते करतील, असंही वाक्य आहे. हत्येचा हुकूम या कागदातून निघत नाही. पण यंग यांचे बचावकर्ते पहिलं वाक्य मोठ्यानं वाचतात आणि दुसऱ्यापाशी त्यांचा आवाज बसतो.

१९९९ मध्ये स्मारकाच्या कामासाठी खोदताना किमान २८ माणसांची हाडं वर आली. शॅनन नोव्हाक यांनी ती तपासली. पुरुषांच्या कवट्यांत जवळून झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा होत्या. काही बायकामुलांच्या कवट्या जड वस्तूच्या आघातानं फुटलेल्या. इंडियनांच्या नावावर वर्षानुवर्षं सांगितल्या गेलेल्या बाणांच्या आणि टाळू सोलण्याच्या कहाण्यांना त्या हाडांनी दुजोरा दिला नाही. अर्थात हाडं जखम सांगतात, बंदूक कोणाच्या हातात होती ते सांगत नाहीत. थोड्याच दिवसांत ती पुन्हा पुरली गेली, तपास अर्धवट राहिला.

राहिले पाययूट. त्यांच्यातल्या पिढीजात आठवणींत, आमची माणसं त्या हत्येत नव्हतीच, असं ठामपणे सांगितलं जातं. हेही पारखून घ्यायला हवं; तेही स्वतःचा बचावच करताहेत. फरक एवढाच, की लीच्या शब्दांची पुस्तकं निघाली आणि पाययूटांचं म्हणणं बराच काळ कोणी लिहूनही घेतलं नाही. २००७ मध्ये, दीडशे वर्षांनी, त्याच कुरणात मॉर्मन चर्चतर्फे हेन्री आयरिंग यांनी खेद व्यक्त केला. मुख्य दोष इतकी वर्षं अन्यायानं पाययूटांच्या माथी राहिला, हे त्यांनी तेव्हा वेगळं नमूद केलं.