सीमा आणि शुश्रूषा

राज्य पालटले म्हणजे निशाण बदलते, नाणे बदलते, कचेरीची भाषा बदलते. रोग्याचा ताप मात्र राज्यपालटाची वाट पाहत थांबत नाही. म्हणून राजवटीची पारख करावयाची, तर तिच्या दवाखान्याच्या दारी जावे.

पेडणे महालातील केरी हा गाव घ्या. उत्तरेस तेरेखोल नदी, पैलतीरी किल्ला, आणि त्यापलीकडे रेडी, शिरोडे व वेंगुर्ले. दक्षिणेस म्हापसा गाठावयाचे, तर शापोरा नदी आडवी. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ साली, नव्या काबिजादीत. पणजीस वैद्यकीय शाळा निघाली ती १८४२ साली. तेथे शिकलेले गोमंतकीय वैद्य आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींतही सेवा करीत. विद्या होती, वैद्यही होते. परंतु शिक्षण पोर्तुगीज भाषेत आणि शाळा राजधानीत. सरहद्दीवरच्या मराठी-कोंकणी कुळवाड्याला ते दार दूरचे होते.

१९५४ च्या फेब्रुवारीत एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग होय, अशा आशयाचे भाषण झाले. म्हापशाचे शस्त्रवैद्य डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तेथल्या तेथे निषेध नोंदविला. तेवढ्यासाठी त्यांना अटक करून पोर्तुगालात धाडण्यात आले. शासनाने एक विरोधक दूर केला, आणि रोग्यांनी एक शस्त्रवैद्य गमावला. पुढे १९५५ च्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली, आगगाडी थांबली. केरीच्या माणसाला उत्तरेची वाट मिटली व दक्षिणेची नदी तशीच राहिली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जुन्या शाळेस टाळे लागले नाही. १९६३ साली तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले व ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले. शिकविण्याची भाषा बदलली, परंपरा तुटली नाही. खुद्द पोर्तुगालातही १९७४ साली हुकूमशाही कोसळली, आणि १९७९ साली सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा झाला. उलथापालथ नेहमी मोडतेच असे नाही. जुने जतन करून त्याचे दार रुंद करणारे हात असले, तर ती घडवितेही.

तथापि सीमेचा प्रश्न राज्यपालटाने संपत नाही. महाविद्यालयाचे इस्पितळ पुढे बांबोळीस गेले, आणि सिंधुदुर्गातील रोगी दक्षिणेस येऊ लागले. २०१८ साली तेथे परराज्यातील रोग्यांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग भागात आंदोलन उभे राहिले. गोव्याच्या तिजोरीवरचा भार खरा होता. पलीकडच्या रोग्याची गरजही तितकीच खरी होती. दोन शासनांनी बसून हिशेब करावा, यात वावगे काहीच नाही. मात्र तो हिशेब चालू असता रोग्याला उंबऱ्याबाहेर तिष्ठत ठेवू नये. निशाण कोणतेही असो, शुश्रूषेचा हा पहिला धर्म आहे.